गव्हाणीमागचे पत्रे

तुमच्या मंडळीच्या कोठाराची किल्ली कुणाकडे असते, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारलं नव्हतं. दर रविवारी त्या दाराला लागून जाणाऱ्या पायवाटेनं मी चर्चमध्ये उपासनेला गेले. दाराला कुलूप असायचं आणि ते कुलूप मला कधी दिसलंच नाही.

मी पत्रकांवर वाढले. पप्पांची बारामतीत एक लहानशी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांच्या जाहिराती यांवर घर चालायचं, आणि उरलेल्या वेळात पप्पा शुभवर्तमानाची पत्रकं लिहायचे, जुळवायचे, छापायचे. त्यांच्या घड्या मी घालायचे. शाळेचा डबा फसलेल्या पत्रकांच्या कागदात गुंडाळलेला असायचा, त्यामुळे चपातीला कधीकधी उलटं वचन उमटायचं. शनिवारी आम्ही एसटी स्टँडवर पत्रकं वाटायला जायचो. एक कंडक्टर दर वेळी हात पुढं करायचा. "आण हिकडं. भेळीला बरा कागद हाय तुज्या देवाचा." मी चिडायचे. पप्पा हसून त्याला दोन जादा द्यायचे. "भेळ खाताना तरी वाचेल."

पप्पांचा एकच नियम होता. जे आपण करणार नाही ते छापायचं नाही. "दारू सोडा" असं छापायचं तर आधी स्वतःची तंबाखू सोडायची. त्यांनी ती सोडली होती, मी पाहिलं होतं. म्हणून छापील शब्दावर माझा जितका विश्वास होता, तितका माणसांच्या तोंडच्या शब्दावर कधी नव्हता.

दुसरा विश्वास सरांवर होता. रविवारच्या शाळेत त्यांनी आम्हाला शिकवलं. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना ते स्वतः फरशीवर आडवे पडायचे आणि आम्हा पोरांना एकेक करून शेजारून जायला लावायचे. "बघ, तूही गेलीस पुढं!" असं ते आडवे पडल्यापडल्याच ओरडायचे. मंडळीची सेवाफेरी त्यांनीच सुरू केली. मे महिन्यात आठवडाभर आम्ही तरुण पोरं-पोरी एका वस्तीवर जाऊन राहायचो, हातानं काहीतरी उभं करायचो आणि परत यायचो. कॉलेज संपलं त्या वर्षी मीही गेले.

वस्ती मोरगावच्या पलीकडं. बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला कालवा आणि ऊस आठवतो. मोरगावच्या अंगाला तसलं काही नाही. बाजरी, शेळ्या, आणि बाजरी न आली तर नुसत्या शेळ्या. वस्तीतल्या घरांना स्वतःचं रान जवळपास नाहीच. दसरा झाला की मुकादमाची ट्रॉली येते आणि नवरा-बायकोच्या जोड्या ऊस तोडायला इंदापूरच्या बाजूला जातात ते थेट उन्हाळ्यात परततात. सोबत पोरं जातात. शाळा दिवाळीआधीच सुटते ती सुटते.

वस्तीत मागं राहतात ती म्हातारी माणसं, आणि आक्का. ऊस वाहून नेताना आक्काचा गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून ती वस्तीतली पोरं सांभाळते. पगार नाही, पाटी नाही. लिंबाखाली पोरं बसवायची, त्यांच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे, शाळेच्या वेळेला त्यांना हाकलत शाळेत न्यायचं. तिला स्वतःला पाढे बाराच्या पुढं येत नव्हते. "फुडचं मास्तर बगंल," म्हणायची.

आक्काला एक खोली हवी होती. हौसेपोटी नव्हे. तिनं आयांना विचारलं होतं, पोरं माझ्याजवळ ठेवून जाल का? आयांनी सांगितलं होतं, पोरांचं ठीक आहे, पण वयात येणाऱ्या पोरी तुझ्या एका खणाच्या घरात, मोडक्या दाराआड कशा ठेवायच्या? डोक्यावर छत आणि दाराला आतून कडी असलेली वेगळी खोली कर, ठेवतो. सगळ्यांत आधी तिची स्वतःची नात. पोरगी पाचवीत होती आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिला दर वर्षी उसाच्या फडावर नेत.

खोलीसाठी आक्कानं जागा दिली ती शेळ्यांच्या गोठ्याची. शेळ्या घराच्या पुढ्यात आल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा एक बोकड आमच्या पिशवीतलं गीतांचं पुस्तक खात होता.

त्या आठवड्यात आम्ही काय काम केलं ते मी फुगवून सांगणार नाही. भिंती रचल्या तात्यांनी. तात्या म्हणजे वस्तीतलेच वयस्कर गवंडी, आक्काचे चुलतदीर. आम्ही ठोकळे उचलून द्यायचो, पाणी मारायचो. हातमोजे आणि एकसारख्या टोप्या घातलेली आमची रांग पाहून बायका पदर तोंडाला लावायच्या.

"बांधकामाला आलाय का वरातीला?"

"वरातच हाय," तात्या म्हणायचे. "फकस्त नवरदेव ठरायचाय. ए बाय, त्यो ठोकळा पाळण्यातल्या पोरावानी नको धरू. पडंल तर पडू दे, त्याला दुसरी आई न्हाय."

भिंती छतापर्यंत आल्या. दार बसलं. आक्कानं कडी आतून लावून पाहिली, उघडली, पुन्हा लावली. वर मोकळं आभाळ होतं, आणि आतून कडी लावून आक्का हसत होती, तो आवाज भिंतीवरून बाहेर येत होता.

शेवटच्या संध्याकाळी समर्पणाची प्रार्थना झाली. वस्ती जमली होती. तात्यांनी विचारलं, "सर, छताचं पत्रं कदी येत्याल? तेवडं आनून टाका, आमी दोपारपत्तुर चढिवतो."

सर म्हणाले, "घाई नको, तात्या. सामान आलं की आम्हीच येऊ. दसऱ्याच्या आधी छत. माझा शब्द."

आक्कानं त्यांच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं वाकू दिलं नाही. सरांनी तिला मध्येच धरलं. "आमच्यात पाया पडत नाहीत, आक्का. आम्ही भाऊ-बहीण."

पावसाळाभर आक्काचा फोन यायचा. तिच्या बटणांच्या फोनवर आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा, पण प्रश्न तोच असायचा. "पोरी, पत्रं आलं का?" मी सरांना विचारायचे. सर म्हणायचे, "येतायत. प्रार्थनेत ठेव."

मी ठेवलं. मी खरोखर रोज सकाळी पत्र्यांसाठी प्रार्थना केली. पाऊस, आजारी माणसं, परीक्षा आणि त्यानंतर पत्रे. आज ते आठवलं की अंगाची आग होते, कारण रविवारी ज्या बाकापाशी गुडघे टेकून मी पत्रे मागत होते, तिथून हाकेच्या अंतरावर ते होते.

दसऱ्याच्या आधी मंडळीचा वर्धापनदिन असतो. सतरंज्या काढायला मला कोठारात पाठवलं. किल्ली घंटा वाजवणाऱ्या काकांनी दिली आणि तेही सोबत आले. आत मोडके बाक, पाय गेलेला पेटीबाजा, नाताळचा कागदी तारा. मागं नाताळच्या देखाव्यातली लाकडाची गव्हाणी उभी करून ठेवलेली. तिच्यातलं गवत उंदरांनी ओढून फरशीभर केलं होतं. मी गव्हाणी सरकवली. मागं भिंतीला टेकून पत्रे होते. नवे, निळे, एकावर एक. शेजारी लोखंडी पाइप, आणि खिळ्यांची पिशवी अजून गाठ मारलेली.

"हे कधी आले?" मी विचारलं.

काका म्हणाले, "जूनमध्येच की. तुमच्या सेवाफेरीचंच हाय ना त्ये? मला वाटलं, तुला ठाव आसंल."

मला आनंद झाला, हे खरं सांगते. राग नंतर आला. आधी वाटलं, सर विसरले असतील, आता सांगितलं की आजच टेंपो निघेल. मी धावत गेले. सर मंडपाच्या दोऱ्या बांधून घेत होते.

"हो, आलेत," ते म्हणाले. "पण ते आत्ता नाही काढायचे. नाताळनंतर मुंबईच्या मंडळीची तुकडी येतेय. पहिल्यांदाच येतायत. त्यांच्या हाताला काहीतरी काम नको का?"

"पण सर, दसऱ्यानंतर टोळी जाते."

"टोळी काय, दर वर्षी जाते. खोली कुठं पळून जाणार आहे?"

"पोरं जातील ना."

"हे बघ," सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, रविवारच्या शाळेतल्याच आवाजात. "माणूस एकदा हातानं काम करून गेला की तो त्या जागेशी जन्मभर जोडला जातो. तू जोडली गेलीस ना? मग त्यांनाही ती संधी दे. आपण सगळं उरकून टाकलं तर ते काय बघायला येतील? एक वर्ष धर. पुढची वीस वर्षं त्या वस्तीला माणसं मिळतील."

त्यात खोटं काय आहे ते मला लगेच सापडेना. घरी जाताना रस्त्यात सापडलं. त्या बोलण्यात आम्ही होतो, मुंबईची माणसं होती, पुढची वीस वर्षं होती. आक्काची नात कुठंच नव्हती.

मी प्रेसमध्ये गेले. पप्पा मशीनपाशी होते. मी एका दमात सगळं सांगितलं आणि वाट पाहिली की ते आत्ता हात पुसतील, चपला घालतील आणि म्हणतील, चल. त्यांनी हात पुसले. पण ते खाली बसले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

टेबलावर नव्या पत्रकाचा गठ्ठा होता. मुंबईच्या मंडळीला पाठवायचं आवाहन. वर आमच्या भिंतींचा फोटो, छताच्या जागी उघडं आभाळ. खाली मोठ्या अक्षरांत पप्पांची ओळ. त्यांचं वाक्य मी कुठंही ओळखते, तेच ते तोलून बसवलेले शब्द. "एक खोली तुमच्या हातांची वाट पाहत आहे."

"पप्पा, ती खोली कुणाच्या हातांची वाट बघत नाहीये. तात्या तयार आहेत. पत्रे कुलपात आहेत."

"देणाऱ्यालाही देण्याचं समाधान लागतं, बाळा. त्याला रिकाम्या हातानं परत पाठवता येत नाही."

"आणि पोरं?"

ते गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत राहिले. आधीच सारख्या असलेल्या. "एका हंगामाचाच प्रश्न आहे," ते म्हणाले.

सरांनी मला फसवलं, ते मी एखाद्या वेळी गिळून टाकलं असतं. माणूस मोठं काहीतरी डोक्यात घेतो आणि समोरचं लहान त्याला दिसत नाही, असं म्हणून स्वतःची समजूत घातली असती. पण जे करणार नाही ते छापायचं नाही, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांनी ते वाक्य लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. मी मुंबईत असते तर ते वाचून मीही पिशवी भरली असती. हेच मला जास्त लागलं.

मी तात्यांना फोन केला. रविवारी दुपारी तात्या ओळखीचा टेंपो घेऊन मंडळीच्या आवारात आले. सोबत वस्तीतले दोन गडी होते. घंटावाल्या काकांनी किल्ली आणली, पण ती लागेना. कुलूप बदललेलं होतं. सर व्हरांड्यातून खाली आले.

"तात्या, सामान मंडळीचं आहे. असं न विचारता नेलं तर मला त्याला चोरीच म्हणावं लागेल."

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "आमच्याच खोलीचं छत आमी चोरतूय व्हय? मग सर, भिताडं बी आमीच चोरल्यात म्हना. जागा बी आक्कानं चोरली आसंल सोत्ताचीच."

दोघं गडी हसले. सर हसले नाहीत. "मी तसं म्हणत नाही. थोडी वाट बघा म्हणतोय."

"वाट बगाया आमची ना न्हाय," तात्या म्हणाले. "ट्रॉली बगत न्हाय, एवडंच."

मला वाटलं, आता भांडण होईल. मला ते हवंही होतं. पण तात्यांनी टेंपोवाल्याला गाडी वळवायला सांगितली. फाटकापाशी ते मला म्हणाले, "पोरी, तू चिडू नको. चोरीचा शबुद येकदा निगाला की त्यो आमच्याच दारात येऊन बसतो. तुमच्या न्हाय." टेंपो रिकामा परत गेला.

ट्रॉली आली त्या सकाळी मी वस्तीवर होते. भांडी, सरपण, कोंबड्यांची टोपली, गाठोडी, आणि सगळ्यांच्या वर पोरं. आक्काची नात धाकट्याला कडेवर घेऊन मागच्या फळीला टेकून बसली होती. तिचं दप्तर आक्कानं खाली ठेवून घेतलं, फडावर भिजतं म्हणून. आया आक्काशी वाईट बोलल्या नाहीत. एक जण एवढंच म्हणाली, "आक्का, तू तरी काय करशील? आभाळाला कडी लागती व्हय?"

आक्का माझ्याकडं वळली. मला वाटलं, ती विचारेल, पत्रे आहेत हे तुला कधी कळलं. ती म्हणाली, "च्या घेतलास का?"

पुढं मी एकदा इंदापूरच्या बाजूला त्यांच्या तळावर जाऊन आले. उसाच्या पाचटाच्या खोप्या, त्यांत वाकूनच शिरावं लागतं. नात चुलीपाशी होती, भाऊ पाठीला बांधलेला. मी विचारलं, पाढे म्हणतेस का? ती म्हणाली, "म्हनती की. ह्यो झोपावा म्हनून." आणि तिनं बाराचा पाढा अंगाईच्या चालीवर म्हणून दाखवला. बारापर्यंतच. पुढचं मास्तर बघणार होता.

नाताळनंतर मुंबईची तुकडी आली. चांगली माणसं होती, हे लिहिलंच पाहिजे. त्यांनी हातानं पाइप उचलले, तळहात सोलून घेतले, आक्काच्या हातची भाकरी मागून खाल्ली. तात्यांनी एका सकाळीत पत्रे चढवून घेतले, दुपारपर्यंतच. समर्पणाच्या वेळी खोलीत सतरंजी अंथरली गेली. सरांनी विचारलं, "आक्का, मुलं कुठं आहेत? बसवा ना पुढं."

"मुलं उसात हायती," आक्का म्हणाली. "तुमीच बसा."

पाहुण्यांतली माझ्याच वयाची एक मुलगी पुढं झाली. "म्हणजे? आम्हाला तर सांगितलं होतं, वस्तीनंच छतासाठी आमची वाट बघितली म्हणून."

"आमी?" आक्कानं तात्यांकडं बघितलं. "आवो तात्या, आपुन वाट बगितली व्हय?"

"बगितली की," तात्या म्हणाले. "दसऱ्यापत्तुर."

त्या मुलीनं हळूच विचारलं, पत्रे कधी आले होते. सर काहीतरी बोलू लागले. पप्पाही होते तिथं, फोटोसाठी आणलेला कॅमेरा गळ्यात घालून. ते म्हणाले, "जूनमध्ये." एवढंच, पण मोठ्यानं. मग त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. फोटो निघाला नाही.

पाहुणे गेल्यावर आक्कानं नव्या खोलीत शेळ्या बांधल्या. "न्हायतरी रिकामीच हाय," ती म्हणाली. "मुक्या जनावराला तरी दाराची कडी लाभू दे."

पप्पांशी मी आता बोलते. जेवायला वाढते. पण टेबलावर ते पत्रकांचा गठ्ठा ठेवतात आणि मी घड्या घालत नाही. ते स्वतःच घालतात, थोड्या वाकड्या. सर अजून सेवाफेरी काढतात.

यंदाचा दसरा जवळ आलाय. आक्कानं शेळ्या बाहेर काढल्या, खोली सारवली आणि पुन्हा आयांकडं गेली. छत आहे, कडी आहे. आयांचं अजून ठरत नाही. नातीची आई मला म्हणाली, "छत हाय, खरं हाय. पर उद्या दुसरं पाव्हनं यायचं ठरलं, अन् त्यांच्यासाठी ह्येबी काडून ठिवलं तर? पोरी कुनाच्या भरवश्यावर ठिवू?" हा प्रश्न तिनं मला हसत विचारला. मला हसता आलं नाही. पत्र्यांचं छत एका सकाळीत चढलं, पण भरवसा चढवायला आमच्याकडं तात्यांसारखा गवंडी नाही.

म्हणून तुम्हाला मागणं आहे. तुमची मंडळी, तुमचं मंडळ, तुमचं कॉलेज, जे कुणी कुठल्या वस्तीवर सेवेला जात असेल, त्यांच्या कोठाराची किल्ली या रविवारी मागा. दार उघडा, आत जा, गव्हाणी सरकवा आणि मागं बघा. कुणाचं छत, कुणाची पुस्तकं, कुणाचा नळ तुमच्या पुढच्या तुकडीसाठी राखून ठेवलेला सापडला, तर त्या वस्तीला फोन करून विचारा की हे तुम्हाला कधीपर्यंत हवंय. आणि ते जो दिवस सांगतील त्याच्या आधी टेंपो भरा. चढवायला तुम्ही गेला नाहीत तरी चालेल.